निळ्या पट्ट्याचं पोळं

चंपामावशीनं मंतरलेल्या गांधीलमाशा राजेंद्रवर सोडल्या, अशी कुजबुज कार्ल्यात अजून चालते. काहींनी तर तिला माशीच्या कानात बोलताना पाहिलंय म्हणे. माशीला कान कुठं असतो, हे मात्र कुणी विचारत नाही. मजा जाते ना!

लेण्यांच्या फाट्यावर चंपा कणसं भाजायची. गाडी लाकडी, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं निळी रंगवलेली. नवरा गेला, गाडी राहिली. जेठात एका सकाळी तीही गायब! दुपारी शेजारच्या चिक्कीवाल्या राजेंद्रनं त्याच जागेवर टेबल मांडलं, आणि वर म्हणतो कसा, "मावशी, आता घरी बसून आराम करा की!"

चंपानं बोटं मोडली. पण पुरावा? मग तिनं समोरच जमिनीवर शेगडी मांडली आणि राजेंद्रकडं डोळे लावून कणसं भाजू लागली. त्याला पाणी पिताना ठसका लागायचा म्हणतात.

भादव्यात राजेंद्रच्या दुकानामागच्या शेडला, दाराच्या वर, नारळाएवढा कागदी गोळा लटकला. लोणावळ्याच्या कॉलेजात किड्यांबद्दल शिकवणाऱ्या तेजलबाई कणीस खायला थांबल्या, आणि कणीस हातातच राहिलं.

"मावशी, ही आपल्याकडची गांधीलमाशी नाही हो! आपलीचं पोळं उघडं, भोकं दिसतात. हिनं वरून वेष्टण चढवलंय. इकडं कधी पाहिली नव्हती. कुठल्या लाकडातून, रोपांतून आली असेल."

"पावणी म्हना की. पन घर कशाचं बांधती?"

"लाकूड खरवडून चावते, त्याचा कागद करते. जसं लाकूड तसा रंग. तो बघा, मधे निळा पट्टा! पण जवळ जाऊ नका. धक्का लागला की सगळ्या तुटून पडतात."

तो निळा ओळखायला चंपाला चष्मा नको होता. बघते तर माशा शेडच्या फटीतून आत-बाहेर करतायत.

तिनं घाई केली नाही. रविवारी बसमधून माणसं उतरली, तसा आवाज लावला, "राजेंद्रा, माजी गाडी तुज्या शेडात हाय! सरपंचास्नी बोलवायला मानूस धाडलाय!"

"कुटली गाडी? लय ऊन लागलं वाटतं मावशी तुमाला!"

असं म्हणाला खरा, पण सरपंच यायच्या आत गाडी ओढ्यात ढकलावी म्हणून मागं पळाला. लपवल्यापासून दार उघडलेलं नव्हतं, गंजून बसलेलं. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला. वर बघायला सवड कुणाला?

मग जो काय नाचला! चिक्कीचं टेबल आडवं, ओठ भज्याएवढे, डोळे गुडूप. शेडचं दार सताड उघडं आणि आत निळी गाडी, सगळ्या फाट्याला दिसेल अशी.

चंपानं कणीस उलटलं, मीठ-लिंबू चोळलं आणि म्हणाली, "आता घरी बसून आराम कर की, राजेंद्रा!"

चंपानं माशा सोडल्या नव्हत्या. दार हिसकलं की त्या डसणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं ते राजेंद्रला सांगितलं नाही.