इन्स्पेक्टर आला की गच्चीवर

मी चौथीत शाळा सोडली. खरं तर शाळेनेच मला सोडलं. पण शर्टाला कॉलर माझ्यासारखी बसवणारा अख्ख्या अंधेरी पूर्वेत नव्हता. असला तर मला भेटला नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तिथल्या एका गाळ्यात आम्ही परदेशी जाणारे शर्ट शिवायचो. माणसं चाळीस, मस्टरवर अठरा. वीस झाली की सगळ्यांना विम्याचं कार्ड द्यावं लागायचं. मग दवाखाना आला, बाळंतपणाची रजा आली. शेठ मोठा देवभक्त, पण अठराच्या पुढे मोजायला शिकलाच नव्हता.

विम्याचा इन्स्पेक्टर येतोय अशी खबर लागली की आमच्या कामावर देखरेख ठेवणारा मास्तर टाळी वाजवायचा. मस्टरवर नसलेले आम्ही बावीस जण मागच्या लोखंडी शिडीने गच्चीवर. टाकीच्या सावलीत पत्ते ठेवलेलेच असायचे. नऊ वर्षं मी तिथे रमी खेळलो आणि स्वतःला शहाणा समजलो.

आमच्यात काजबटणाला एक कोकणातली बाई होती. पहिल्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी कामावर आली, कारण तेराव्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बसली असती. आता तिला पुन्हा सातवा महिना होता, आणि मास्तरने टाळी वाजवली.

"मी नाय चढणार," ती म्हणाली. "पाय घसरलो तर?"

"चढ गं, पाचच मिनिटं."

मी म्हटलं, "मास्तर, तूच चढून दाखव. तुझ्या पोटाला तर नववा दिसतोय."

बाकीचे हसत हसत वर गेले. ती बसून राहिली. मीही बसलो. माझं म्हणाल तर निम्मी कॉलर मशीनवर होती, आणि निम्मी कॉलर सोडून मी देवासाठीही उठत नाही.

इन्स्पेक्टर आला. शेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा आमचा पाहुणा."

"नऊ वर्षं कॉलरी शिवतोय हा पाहुणा," मी म्हटलं. "अजून चहा नाही विचारला."

"आणि ही बाई?"

"ती... पाहुण्याची बहीण," शेठ म्हणाला.

तेवढ्यात गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "ए, गेला काय रे तो?"

इन्स्पेक्टरने फाइल बगलेत मारली आणि स्वतःच शिडी चढला. वर वीस जणांनी पत्ते हातात धरून आपापली नावं सांगितली. एक येडा तर म्हणाला, "साहेब, हा डाव होऊ द्या."

महिन्याभरात कार्डं आली. माझं मशीन संडासाच्या दाराशी गेलं. शेठला वाटलं मी सोडून जाईन. जातोय कशाला!

बाईचं बाळंतपण विम्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी झाली. पगारी रजा मात्र मिळाली नाही, वर्गणीचे महिने भरले नव्हते. कायदा तेवढाच आला होता. आणि बारावा दिवस उजाडायच्या आत मास्तर एका नव्या बाईला घेऊन आला.

मी माझा डबा नेऊन तिच्या रिकाम्या स्टुलावर ठेवला.

"उचल तो," मास्तर म्हणाला.

"हात लावून बघ."

मग इस्त्रीवाल्याने त्याचा डबा आणून ठेवला. मग कटिंगवाल्याने. सव्वा महिना त्या स्टुलावर डब्यांची रास होती. ती आली, एकेक डबा उचलून खाली ठेवला आणि म्हणाली, "कुणाची रे ही आमटी सांडलीय?"