बुडिताच्या रेषेबाहेरची वाडी

धरणाची उंची वाढवायचं ठरलं तेव्हा आखणीचं काम माझ्याकडे आलं. मी पाटबंधारे खात्यातली अभियंता, राहायला डोंबिवलीत. आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड यायचं. शेजारणी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय गं, कधी वाढतंय तुझं धरण?" वाढीव पाण्यातलं काही शहरांना आणि बाकीचं कालव्याने खालच्या भाजीच्या शेतांना मिळणार होतं.

बुडिताची हद्द आखायला आम्ही मुरबाडच्या पुढे गेलेलो. पाणी नव्याने जिथवर चढणार, तिथल्या दगडांना चुना मारत चाललो होतो. टेकाडावरच्या एका वाडीपाशी रेषा घरांच्या बरीच खालून गेली. भातखाचरं जाणार होती, त्यांचा मोबदला मिळणार होता. पण घर एकही बुडत नव्हतं. मला हायसं वाटलं. तिथल्या सरपंचबाई माझ्याच वयाच्या. त्यांना मी लगेच तसं सांगितलं.

सरपंचबाईंनी चुन्याच्या दगडांपलीकडे, ओढ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "घरं ऱ्हायली, बरं झालं. पन मॅडम, आमी बाहेर पडायचं कुठून?"

एसटीचा रस्ता ओढ्यापलीकडे होता. पाणी चढलं की तो ओढा बारा महिने भरलेला राहणार. माझ्या नकाशावर ओढा होता, तो ओलांडून जाणारी पायवाट नव्हती.

त्यांनी मला घरी नेलं, कोरा चहा दिला. "धरनाच्या काठाला ऱ्हाऊन उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो आमी. आता पानी दारात येनार, पन प्यायला मिळनार का?" आवाजात राग नव्हता. मी दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले.

ऑफिसात मी साहेबांपुढे दोन गोष्टी ठेवल्या: ओढ्यावर पूल आणि वाडीसाठी नळ. साहेब कोपरीचे, निवृत्तीला आलेले, मनाने चांगले. पण जायच्या आधी हे काम मार्गी लागलेलं त्यांना बघायचं होतं.

"अहो मॅडम, पूल यात घातला तर मंजुरी लांबेल. नंतर बघू."

"नंतर कोण बघणार, साहेब? एकदा चला तर माझ्याबरोबर."

ते ऐन पावसाळ्यात आले. ओढा फुगलेला. सरपंचबाईंनी मासेमारीच्या होडीची सोय केली होती. त्याच होडीत एक बाळंतीण तान्हं मूल घेऊन बसली. मध्यावर होडी डुचमळली, तशी तिने एका हाताने बाळ उराशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने साहेबांचा दंड. काठ येईपर्यंत सोडला नाही. साहेबही जागचे हलले नाहीत.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "दवाखान्यातही अशीच जातेस, बाळा?"

ती हसली. "मंग कशी जानार, बाबा?"

 परतताना गाडीत, मुरबाड मागे पडल्यावर साहेब म्हणाले, "पूल घाला. नळही घाला. आणि वाढीव पाणी अडवायच्या आधी पूल पुरा झाला पाहिजे."

मंजुरी लांबलीच. जिन्यात टोमणे सुरू झाले. एकदा मी तिथेच उभी राहून होडीतली गोष्ट सांगितली. सगळ्या ऐकत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मग थांबू की. इतकी वर्षं थांबलोच ना."

पूल आधी झाला, मग भिंत उंचावली. आमच्याकडे पाणी रोज येऊ लागलं. वाडीची खाचरं पाण्याखाली गेली. त्या पहिल्या वर्षी, लावणीच्या दिवसांत हाताला काम नाही म्हणून सरपंचबाईंना घरात करमत नव्हतं. नळ यायला आणखी एक उन्हाळा गेला. आला तेव्हा त्यांचा फोन आला.

"गढूळ हाय जरा."

"दोन दिवस वाहू द्या, निवळेल."

"मंग जेवायला या. साहेबांनाबी आना."

साहेब तोवर निवृत्त झालेले. तरी आम्ही दोघं गेलो. तांदळाची भाकरी होती, माशाचं कालवण होतं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं.