तिकांडं डोक्यावर आलं की

मुकुंदा गेल्याचं मला परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं. मी सुपरव्हिजनवर होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला, जवळ आला आणि कानाशी म्हणाला, “जोर्वेकर सर वारले. सकाळी चहा घेताघेताच.” मी मान हलवली आणि पेपर संपेपर्यंत बाकांमधून फिरत राहिलो. दुसरं काय करणार? यंदा वाईट बातमी ऐकायची इतकी सवय झाली आहे की माणूस आधी हातातलं काम संपवतो आणि मग खाली बसतो. मी बसलो ते थेट त्याच्या सावेडीच्या घरी, ओट्यावर, चपला काढायचंही भान न राहता.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. लिही, लिही म्हणून सगळे मागे लागलेत. मी इतिहास शिकवणारा माणूस, त्याच्या फिजिक्समधलं मला शष्प कळत नाही. पण शाळेपासूनचा मित्र म्हणून त्याची सगळी वेडं माझ्याच डोक्यावर आदळायची, आणि शेवटचं वेड तर फारच थोर होतं. मुकुंदाला आकाशाची ऊब मोजायची होती.

म्हणजे असं, की सगळ्या आभाळात म्हणे एक अगदी क्षीण ऊब भरून राहिली आहे. जग जन्मलं तेव्हाची, निवत निवत आता जेमतेम उरलेली. कुठल्याही दिशेला बघा, सारखीच. “सारखीच आहे ना? मग मोजायचं काय डोंबल?” मी विचारलं होतं. तो केडगावहून सायकल दामटत आला होता, घामाघूम. म्हणाला, “पावसात सायकल चालवली की पाठीपेक्षा छाती जास्त भिजते की नाही? तसंच आहे. पृथ्वी ज्या दिशेला धावतेय तिकडची ऊब कणभर जास्त लागणार, मागची कणभर कमी. तो कणभर फरक मला बघायचाय.” बाहेरच्या देशांत मोठमोठी माणसं फुग्यांना यंत्रं टांगून हेच शोधत होती. आणि आमचा हा पठ्ठ्या नगरच्या एका कॉलेजातला लेक्चरर! धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून त्याने ती ऊब टिपायला पत्र्याचे दोन लांबलचक भोंगे करून घेतले, पुण्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचे मोडके सुटे भाग आणले, आणि नेवाशाच्या पुढे मामाच्या गावच्या टेकडीवर सिमेंटचा ओटा घालून ते उभे केले. एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. दोघांतला फरक एक पेन कागदाच्या गुंडाळीवर आपोआप काढत राहायचं. मामाची विहीर आटलेली, त्यामुळे मोटारीची वीज मोकळीच होती. आठवडाभर नगरला शिकवायचं, शनिवारी एसटीने जायचं, कागद घेऊन यायचा. वर्षभर हेच चाललं होतं.

आभाळात दमटपणा असला की हे मोजमाप बिघडतं. त्यामुळे गेल्या साली पाऊस आलाच नाही तेव्हा अख्खा जिल्हा ढगासाठी डोळे लावून बसला, आणि हा एकटा कोरड्या आभाळाकडे बघून मनातून खूश! घरात शालूवहिनींनी पावसासाठी देव पाण्यात घातलेले. हा त्याच देवांना नमस्कार करून टेकडीवर जायचा. “काय मागतोस रे त्यांच्याकडं?” मी एकदा छेडलं. त्याचा चेहरा पडला. “काही मागत नाही. लाज वाटते. पण असं आभाळ पुन्हा मिळायचं नाही रे... आणि मिळूही नये.”

दसऱ्याच्या सुमारास त्याच्या कागदावर उंचवटा दिसायला लागला. पूर्वेच्या भोंग्यात, पहाटेच्या वेळी, रोज. तेवढ्याने हा हुरळणाऱ्यातला नव्हता. गोम अशी, की माणसांच्या भानगडी घड्याळावर चालतात. तारे मात्र रोज चार मिनिटं आधी उगवतात. एखादी गोष्ट रोज चार मिनिटं आधी यायला लागली, तर ती वरची. आणि हा उंचवटा नेमका तसाच सरकत होता! दिवाळीपर्यंत तो जवळजवळ सव्वा तास आधी आला. मुकुंदाने भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाखालचा स्क्रू फिरवून ते रोज चार मिनिटं पुढे जाईल असं केलं. त्या घड्याळात उंचवटा कायम साडेपाचलाच यायचा. तिथे त्याने काचेवर कुंकवाचं बोट लावलं. वहिनी कपाळाला हात लावायच्या, की घरात वेळ विचारायची तरी कुणाला? पण तो माणूस त्या दिवसांत गाणी गुणगुणत होता हो! जानेवारीत एका परिषदेत निबंध वाचायचा होता. नाव लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी तरी विचारणार होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो मला ओढून टेकडीवर घेऊन गेला. एरवी तो मामाकडे झोपायचा, पण त्या दिवशी म्हणाला, तो उंचवटा उमटताना तुला दाखवतो. मी कुरकुरत घोंगडी घेऊन गेलो. पहाटे त्याने मला हलवलं. पेन थरथरत वर चढत होतं. “बघ, बघ!” आणि तेवढ्यात मला बांगड्या ऐकू आल्या. पूर्वेच्या भोंग्यापुढे टेकडीच्या धारेवरून बायका चालल्या होत्या, डोक्यावर दोन-दोन हंडे, एकीमागे एक. शेवटची पलीकडे उतरली आणि पेन खाली आलं.

मुकुंदाने हाक मारली. मामाच्या शेजारची गयाबाई मागे वळली.

“इतक्या लवकर कुठं निघालात?”

“झऱ्यावर. उशीर केला की गाळच ऱ्हातोय, सर.”

“रोज याच वेळेला?”

“आमच्याकडं घड्याळ कुठलं? तिकांडं डोक्यावर आलं की निघायचं.” तिने वर हात केला. मृगातले तीन तारे, एका ओळीत, बरोबर माथ्यावर. “आता लवकर याया लागलंय ते. झोप न्हाई काय न्हाई, लई वैताग हाय.”

मला आधी कळेचना. मुकुंदाला कळलं. त्या गार आभाळापुढे बायकांच्या अंगाची ऊब म्हणजे निखारा, आणि बायका निघत होत्या घड्याळावर नव्हे, ताऱ्यावर; म्हणून उंचवटाही ताऱ्यासारखा सरकत होता. तो हसला, आणि मग सिमेंटच्या ओट्यावर बसून राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो नुसताच म्हणाला, “हंडे जड असतात रे फार.”

सकाळी सरपंच आले. त्यांना सगळं समजल्यावर म्हणाले, “त्यात काय, सर? उद्यापास्नं बायांना वढ्याच्या अंगानं धाडतो. तुमचं काम हुईपत्तुर.” मी म्हटलं, झालं! वाट मोकळी, निबंधापुरतं तरी खरं मोजमाप होईल. मुकुंदाने गयाबाईला विचारलं, ओढ्याकडून किती लांब पडतं. ती म्हणाली, “दुप्पट पडतंय की. पर सरपंच म्हनत्यात तर जाऊ.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. मुकुंदाने मान हलवली. “नको. धारेवरनंच जा.”

मी भयंकर चिडलो. “अरे गाढवा, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे! असं आभाळ पुन्हा मिळणार नाही, तूच म्हणालास ना?” तो म्हणाला, “म्हणालो. पण हे आभाळ असं आहे म्हणून तर त्यांना झऱ्यावर जावं लागतंय. त्यात मी आणखी चालायला लावू?” निबंध त्याने मागे घेतला. भोंगे स्वतःच्या हातांनी उतरवले, तेव्हाच त्याला धाप लागत होती. दुसरी टेकडी शोधू म्हणाला. आम्ही शोधतही होतो... होळी झाली, आणि तो गेला.

परवा वहिनींकडे गेलो होतो. तिसरा प्रहर, बाहेर उन्हाचा वणवा. भोंगे परसात आडवे पडलेत. देव अजून पाण्यातच आहेत. ते घड्याळ मात्र चालू आहे. वहिनी रोज चावी देतात. “दुरुस्त करून आणू का?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “चुकत कुठंय ते?” मी वर पाहिलं, काटे कुंकवाच्या बोटापाशी आले होते. म्हणजे तिकांडं आत्ता माथ्यावर होतं, भर उन्हात, कुणालाही न दिसणारं. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठून अंगणात गेलो आणि मान वर करून डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघत राहिलो.

“ढग दिसतोय का एखादा?” वहिनींनी आतून विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “मुकुंदाला हवं होतं तसं आहे.”