चंद्रीच्या बरगड्या

समस्त लालबागकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माणसाची खरी लायकी त्याच्या बरगड्यांवरून कळते. हा शोध माझ्या बायकोच्या मामांचा. कचेरीतून निवृत्त झाल्यावर मामा महालक्ष्मीच्या एका तबेल्यात चंद्री नावाच्या घोडीचा खुराक बघायला लागले आणि आमची अख्खी नातेवाईक मंडळी धोक्यात आली. चंद्री धावायची लांब पल्ल्याच्या शर्यतीत, चांगली चाळीस किलोमीटर. तिथं नुसतं पोचून भागत नाही. पोचल्यावर ठरल्या वेळात नाडी खाली आली नाही, तर पशुवैद्य घोडी बाद करतो. म्हणून ती जाड नको, रोडही नको. "बरगडी बोटाला लागावी, डोळ्याला दिसू नये," हा मामांचा मंत्र. माझ्या पन्नाशीला केक भरवता भरवता त्यांनी माझी कूस चाचपली आणि भाचीला हाक मारून सांगितलं, "याचा दाणा कमी कर गं!"

घोड्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं पण सारखं द्यावं, म्हणून मामा स्वतःही दिवसातून पाच वेळा मूठभर भात मागत. मामी मालवणच्या. "माणूस हा की घोडो?" असं म्हणत वाढत. मामांचं लक्ष कुठे? घोडीला ते 'बाईसाहेब' म्हणत, तिच्याशी तास तास बोलत. मामींच्या वाट्याला फक्त "वाढ" आणि "पुरे".

शर्यत महिन्यावर आली आणि बाईसाहेबांच्या बरगड्या बोटाला लागेनात! मामांनी ओट्स निम्मे केले, कोंडा बंद केला, गवत ताणकाट्यावर तोललं. घोडी फुगतेच आहे. शेवटी एका दुपारी ते गवताच्या गंजीमागे दबा धरून बसले, सोबतीला मी. चोर आला. पदराखाली गूळपोळ्या घेऊन साक्षात मामी!

"अगं, रोज देवळात जाते म्हणून सांगतेस ना?"

मामी जराही डगमगल्या नाहीत. "तुमी दिवसभर हिच्याशीच बोलतास. मगे मी कोणाशी बोलू? मी पण हिच्याशीच बोलतंय!"

मामांनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली: गूळपोळी बंद, आणि चरबी उतरेपर्यंत मामींनी रोज सकाळी घोडीला हाताने धरून फिरवायचं. मामींनी फिरवलं. सुनेपासून सुरमईच्या भावापर्यंत सगळं तिच्या कानात ओतत फिरवलं.

शर्यतीत चंद्री शेवटून दुसरी आली. घामाने निथळत होती, नाडी काही उतरेना. मामांनी पाणी ओतलं, मंत्र म्हटले, व्यर्थ. वेळ संपत आला तशा मामी पुढे झाल्या, तिच्या मानेवर हात ठेवला आणि हळूहळू मालवणीत काहीतरी सांगायला लागल्या. घोडीचे कान मागे वळले. मान खाली आली. नळी कानाला लावलेल्या पशुवैद्याने घड्याळाकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, "पास! तब्येत झकास राखलीय. कोण सांभाळतं हिला?"

या प्रश्नाला मामांचं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच होतं, 'मी'. छाती पुढे काढून त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग घोडीच्या कानाशी अजून पुटपुटणाऱ्या मामींकडे त्यांची नजर गेली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्याने ते बोलून गेले,

"आमची ही!"