आदी तुमी घाबरा, मंग मी

हे किस्से याच क्रमाने घडले का, याची मला खात्री नाही. आठवणीचं माझं असं आहे, की कधी कधी दुसऱ्याचा पॅनिक अटॅक मी स्वतःचा म्हणून सांगून टाकतो, आणि तो बिचारा समोर बसून मान डोलवतो! पण घाबरट माणसं एकत्र आली की किस्से साठतातच. आमचे तळेगावात साठले. दर रविवारी सकाळी डॉक्टर मॅडम आम्हाला एका हॉलमध्ये जमवायच्या. कुणाला पॅनिक, कुणाला डिप्रेशन, कुणाला दोन्ही. मी फिजिक्सचा निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडे तेव्हा फक्त पॅनिक होतं.

*

पहिल्या दिवशी मॅडमनी खुर्च्या छान गोल मांडून ठेवल्या होत्या. पण पॅनिकवाल्याला दार जवळ लागतं. काही झालं तर पळता यायला हवं ना! मी माझी खुर्ची हळूच दाराकडे सरकवली. पाहतो तर सगळ्यांच्याच सरकत होत्या.

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. परत आल्या तर दार उघडेना.

"अहो, मला तरी आत येऊ द्या!"

*

आम्ही पॅनिकवाले तासभर आधी येऊन बसायचो. उशीर झाला तर, या विचारानेच छातीत धडधडायचं. डिप्रेशनवाले अंथरुणातून उठून येईपर्यंत चहा संपलेला असायचा. त्यांच्यातले कांबळे रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "सर, तुमची गाडी बिफोर टाइम, आमची लेट. प्लॅटफॉर्म एकच!"

टाकवे बुद्रुकच्या सखूमावशींना दोन्ही होतं. त्या बरोब्बर वेळेवर यायच्या!

*

छातीत धडधडलं की मी रिक्षा करून हॉस्पिटल गाठायचो. ईसीजी काढायचा, तो नॉर्मल यायचा, आणि तो नॉर्मल कसा, या काळजीत मी घरी यायचो. शेवटी तिथल्या सिस्टर एकदा मायेनं म्हणाल्या, "सर, आज मागचाच दाखवू का?"

*

एकदा ग्रुपची सहल भुशीला निघाली. धरणाच्या पायऱ्यांवर मधोमध पोहोचलो, आणि माझे हात गार पडले. श्वास पुरेना. पुढे माणसं, मागे माणसं. मी सखूमावशींचा हात घट्ट धरला.

"मावशी, मला काहीतरी होतंय!"

"सर, मला बी व्हतंय," मावशी थरथरत म्हणाल्या. "पर दोघं एकदम कसं चालंल? आदी तुमी घाबरा, मंग मी!"

मला हसू आलं. हसताना श्वास कधी सुरळीत झाला, कळलंच नाही. माझं झाल्यावर मी मावशींचा हात धरून बसलो. शब्द पाळायला नको?

*

मग माझे अटॅक थांबले. बायको खूश झाली, मी ग्रुपमध्ये पेढे नेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मात्र पेढा हातातच ठेवला.

"सर, आता कशाची भीती वाटत नाही?"

"मरणाचीसुद्धा नाही. आलं तर येईना का, असं वाटतं."

पॅनिकच्या मागोमाग डिप्रेशन पुष्कळदा येतं, कधी दोन्ही बरोबरच राहतात, हे मॅडमनी मला त्या दिवशी नीट समजावलं. जगायचं असतं म्हणून माणूस मरणाला घाबरतो. माझी भीती गेली नव्हती, इच्छा गेली होती. औषधं बदलली. पण मी अंथरूण धरलं ते धरलंच. ग्रुप सुटला, दाढी सुटली. जेवणाचं ताट बायको नेऊन ठेवायची आणि तसंच परत न्यायची.

*

एका रविवारी खालून ओळखीचे आवाज आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून आमचा ग्रुप बसला होता! मला कुणी हाक मारली नाही, वर कुणी आलं नाही. कांबळे तेवढे मोठमोठ्याने बोलत होते.

"लोणावळ्यात डाळ लवकर का शिजत नाही, माहितीय? उंचीवर पाणी उशिरा उकळतं!"

"व्हय? म्या उगाच चुलीला बोल लावत व्हते," सखूमावशी म्हणाल्या.

मी कूस बदलली. उशी कानावर घेतली. कांबळेंनी तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्याने म्हटलं. मग मात्र मला राहवेना. बनियनवर जिना उतरलो.

"कांबळे! उंचीवर पाणी लवकर उकळतं! कमी तापमानाला उकळतं, म्हणून तर डाळ शिजत नाही!"

"पटत नाही, सर."

मी त्यांना हवेचा दाब समजावला. तरी पटेना. मावशींनी कुणाच्या तरी डब्यातली पोळी माझ्या हातात दिली; बोलता बोलता मी ती खाल्ली. वर गॅलरीत बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

"पुढच्या रविवारी हॉलवर या. तिथं नीट सांगा," कांबळे म्हणाले.

गेलो. आता त्यांना इंद्रधनुष्याबद्दल शंका होती. त्याच्या पुढच्या रविवारी चुंबकाबद्दल. त्या साध्या शंकांची उत्तरं देता देता मी दाढी करायला लागलो, वेळेवर जेवायला लागलो.

काही वर्षांनी बुद्ध पौर्णिमेला कांबळेंकडे खीर खायला गेलो होतो. मी वहिनींना म्हणालो, "यांना फिजिक्स शिकवता शिकवता मी बरा झालो हो!"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "यांना? अहो, हे फिजिक्सचेच बी.एस्सी.!"

आपण नीट ऐकलं की नाही, अशी मला शंका आली. म्हणून पुन्हा विचारलं.

फिजिक्सच. फर्स्ट क्लास.