गौरीचे हात आणि कळलावी

आमच्याकडे गौर बसे ती तेरड्याची. रोपं मुळांसकट उपटून आणायची, धुवायची आणि जुडी बांधून सुपात ठेवायची. त्या वर्षी धाकट्या जावेला सातवा महिना होता. आधीची दोन गरोदरपणं अर्ध्यावरच संपली होती, म्हणून घरात सगळे तिला जपत. तरी ती ऐकेना. माझ्याबरोबर कोपरीच्या बांधावर आलीच. मी तेरडा उपटत होते, तेवढ्यात तिने कुंपणावर चढलेली एक वेल खालच्या गड्ड्यासकट ओढून काढली. लाल-पिवळी फुलं, पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या.

सासूबाई ओटीवरच उभ्या होत्या. वेल दिसताच ओरडल्या, "टाक ती आधी! असल्या दिवसांत कळलावी घरात आणतेस?"

"अहो, गौरीचे हात आहेत हे," जाऊ म्हणाली. "माझ्या माहेरी कल्याणला असंच म्हणतात. ही फुलं नसली तर गौर थोटी राहते."

"राहू दे थोटी! अडलेल्या बाईच्या तळपायाला हा गड्डा उगाळून लावतात. कळा आणतो, म्हणून कळलावी. माझ्या बहिणीला वेळेआधीच लावला होता…"

त्यांनी जावेचे हात स्वतः राखेने घासून काढले. जावेने ते घासू दिले, पण हट्ट सोडला नाही. "थोट्या गौरीपुढे मी पदर पसरणार नाही."

शेवटी मीच विळीवर फुलं देठापासून कापली आणि गड्डा परसाच्या टोकाला पुरला. "फुलं कुणी उगाळत नाही," मी म्हटलं. सासूबाईंनी विळी दोनदा धुतली.

गौर बसली, आम्ही कोणी स्वस्थ बसलो नाही. तिच्या जेवणाच्या दिवशी जावेने पाटावरून उठताना कंबरेवर हात ठेवला आणि माझ्या हातातली घारग्यांची परात कलंडली. सासूबाई तर तिच्यामागून माजघरात, परसात, विहिरीवर.

"दुखतंय का गं?"

"नाही हो."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. जाऊ वैतागली. "तुम्ही विचारून विचारूनच कळा आणाल!"

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. गौर गेली तरी त्यांचं विचारणं कार्तिकापर्यंत चाललं.

मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, भलती रडकी. पुढल्या भाद्रपदात आम्ही बांधाकडे निघालो, तेव्हा सासूबाईंनी जावेच्या हातात कोयती ठेवली. "फुलं वरूनच काप. गड्डा उपटायचा नाही."

मुलीला मात्र त्यांनी आमच्याबरोबर येऊ दिलं नाही.