दोन टोपल्यांचा माळी

दसरा उलटला की काका परसात उकिडवे बसत, मूठभर माती उचलून गालाला लावत आणि म्हणत, "अजून तापून राहिली. थांब गा."

थांबणं माझ्या स्वभावात नव्हतं. आमच्या घरी खाटेखाली चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. पाटीवरच्या अक्षरांआधी मी 'बंधू-भगिनींनो' वाचायला शिकलो होतो. शेजारच्या काकांना मात्र कुठल्याही पत्रकाची घाई नसे.

काका रामदासपेठेतल्या एका बंगल्यावर माळी होते. त्यांच्या बापानं पारशिवनीकडे जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली. काकांच्या मालकीची जमीन म्हणजे आमच्या वस्तीतलं, चार खाटा मावतील एवढं परस. पण त्या परसाचा एक कायदा होता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येत, त्यांतली दहा-पंधरा काकांकडे उतरत. येताना प्रत्येक जण चिंधीत बांधून मूठभर बियाणं आणी. पाहुणे परसात तीन दगड मांडून स्वयंपाक करत. ते गेल्याशिवाय कुदळ लावायची नाही, आणि गेल्यावर त्यांच्या चुलींची राख आधी वाफ्यात मिसळायची.

मग काका लसणाच्या पाकळ्या टोक वर करून एकेक बोट अंतरावर खोचत, मेथी फेकत, कुंपणाला वाल लावत. थंडीत कोणी आलं की वाफ्यांची ओळख नातेवाइकांसारखी करून देत. "हा भंडाऱ्याचा मुळा. तिखट हाये, माह्या सासऱ्यावानी. अन् हा वाल वाशिमचा. लाजते. उशिरा फुलते."

थंडीत शहरात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरे. हिवाळी भाज्यांच्या टोपलीचं पहिलं बक्षीस बहुतेक वर्षी बंगल्याच्या साहेबांना मिळे. टोपलीपुढच्या चिठ्ठीवर साहेबांचं नाव. साहेबांनी त्या बागेत कधी चप्पल काढून पाय ठेवला नव्हता. तुम्हीही बक्षिसाचे असे कप दिवाणखान्यात पाहिले असतील. ते पुसतो कोण, एवढं एकदा विचारून पाहा.

"काका, यंदा तुमची टोपली, तुमच्या नावानं," मी म्हणालो.

काका महिनाभर नुसते वाफे खुरपत राहिले. मग एक दिवस साहेबांनाच सांगून आले. साहेब हसले म्हणे. "ठेव की. आम्हालाही गंमत."

मला आणखी एक युक्ती सुचली. "आता साहेबांच्या फुलकोबीला चार दिवस पाणी नका देऊ."

काकांनी खुरपं खाली ठेवलं. "काहून? रोपानं तुह्यं काय केलं गा?"

"ही लढाई आहे, काका."

"मंग लढ. तहानेनं नोको मारू कोणाले."

 पाणी नाकारण्याविरुद्धची पत्रकं मी तोंडपाठ म्हणत असे. ती युक्ती सुचली तेव्हा त्यातलं एक अक्षरही मला आठवलं नव्हतं.

त्या वर्षी बंगल्यातली फुलकोबी पूर्वीपेक्षा पांढरी निघाली. उन्हानं पिवळी पडू नये म्हणून काकांनी प्रत्येक गड्ड्यावर पानं ओढून बांधली होती. आमच्या टोपलीत मुळे, मेथी, ओला लसूण आणि अखेर फुललेल्या वाशिमच्या वालाच्या शेंगा. टोपलीशेजारी मी लाल अक्षरांतला फलक उभा केला: 'घामाला न्याय द्या!' काकांनी तो उचलून उलटा केला आणि त्यावर मुळे मांडले. "भाजीले भाषण नोको. लोक पाहून राहिले ना."

निकाल लागला. साहेबांची टोपली पहिली, काकांची दुसरी. मी संतापलो. काका मात्र ताठ उभे होते. "अरे येड्या, पह्यला बी मीच, दुसरा बी मीच. असा माणूस दाखव मले या मैदानात."

एका परीक्षकानं साहेबांना विचारलं, "फुलकोबी इतकी पांढरी कशी राखली?" साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी सुतळी सैल कशी ठेवायची तेसुद्धा. परीक्षक मग साहेबांकडे वळलेच नाहीत. जाताना साहेब काकांना हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी एकच टोपली. कोणाची, ते तू ठरव."

"माही," काका म्हणाले. विचार करायला त्यांनी वेळ घेतला नाही. थांब म्हणणारा तो माणूस त्या दिवशी अजिबात थांबला नाही.

बंगला सुटला. ते वर्ष कठीण गेलं. काकू बोलायच्या, "नाव शिजवून खाता येते काय जी?" पण प्रदर्शनातून घरी आणलेल्या चिठ्ठीवरचं काकांचं नाव शेजारणींना त्याच वाचून दाखवायच्या. पुढे दुसरे बंगले मिळाले, आणि दर थंडीत प्रदर्शनात काकांची टोपली लागत राहिली. पहिलं बक्षीस एकदाही आलं नाही. त्यांनी त्याची चौकशीही केली नाही.

एका वर्षी वाल फुलायच्या आत काका गेले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी रिकाम्या हातानं तिथे गेलो. टोपल्यांच्या रांगेत एका जागी नुसतं पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर चिठ्ठी: काकांचं पूर्ण नाव, शाईनं, वळणदार अक्षरात. नोंदणीच्या बाईंनी दर वर्षीसारखी जागा राखली होती; काका गेल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तेवढ्यात कोट घातलेले एक गृहस्थ भली मोठी टोपली घेऊन आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारायला हात पुढे केला.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. "ती जागा दिलेली आहे."